विद्यापीठाचं खातं आणि कॅम्पसचं वाय-फाय: घाई नसताना लावून ठेवायच्या गोष्टी

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठाकडून एक युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड मिळतो. मेल, वाय-फाय, ग्रंथालयातली नियतकालिकं, असाइनमेंट जमा करायचं पोर्टल, शुल्क, निकाल, छपाई, आणि बऱ्याच ठिकाणी हॉस्टेलचं दार उघडणारं कार्डसुद्धा त्याच एका खात्याला जोडलेलं असतं. त्यामुळे खातं बंद पडलं की एकदम सगळंच अडतं, आणि त्याचा फटका बसतो तो सबमिशनच्या आदल्या रात्री, जेव्हा हेल्पडेस्क बंद असतो. खाली सांगितलेली कामं दोन-तीन तासांत उरकतात. ती कॅम्पसवर पाऊल ठेवण्याआधी किंवा फार तर पहिल्या आठवड्यात करून टाकावीत.

पासवर्ड: लांब ठेवा, आणि बदलताना क्रम पाळा

खातं सुरू करण्याच्या पानाचा पत्ता प्रवेशाच्या कागदपत्रांवर छापलेला असतो. तो ब्राउझरमध्ये हाताने टाइप करा. नवीन सत्राच्या सुरुवातीला ‘खातं सुरू करा’ अशा फसव्या मेलचा पूर येतो, म्हणून मेलमधल्या लिंकवरून या पानावर जाऊ नका.

पासवर्डात एखादं चिन्ह, एखादा आकडा आणि एक मोठं अक्षर घालून तो दर तीन महिन्यांनी बदलायचा, हा सल्ला जुना झाला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ सालीच ठरावीक काळाने सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. कारण माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि काम भागवतात. खरा फरक लांबीने पडतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, एकूण अक्षरं पंधराच्या वर जाऊ द्या, आणि हा पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही साइटवर वापरू नका. एखाद्या खरेदीच्या साइटवरून पासवर्ड फुटले की मेल-पासवर्डची तीच जोडी विद्यापीठाच्या लॉगिनवर आपोआप चालवून बघितली जाते.

इथे एक बारीक गोष्ट अनेकांना नडते. देवनागरी अक्षरं, किंवा रोमन लिपीतलीच पण डोक्यावर खुणा असलेली अक्षरं पासवर्डात घालू नका. वेबवर तो पासवर्ड चालतो, पण वाय-फायच्या यंत्रणेत, प्रिंटरच्या पडद्यावर किंवा लॅबच्या संगणकावर चालत नाही, आणि चूक कुठे आहे हे कळायलाच दोन दिवस जातात. चिन्हंही जपून निवडा. ब्रिटिश मांडणीच्या कीबोर्डवर ‘@’ आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा अमेरिकन मांडणीच्या उलट असतात. लॅबमध्ये लॉगिन करताना पासवर्डाऐवजी ठिपके दिसतात, त्यामुळे ही अदलाबदल लक्षात येत नाही.

पासवर्ड लक्षात ठेवायला बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी यांसारखा पासवर्ड मॅनेजर वापरा. त्याचा दुसरा फायदा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. ज्या पत्त्यावर पासवर्ड साठवला, त्याच पत्त्यावर तो स्वतःहून भरला जातो. लॉगिनचं पान हुबेहूब दिसतंय पण मॅनेजर पासवर्ड सुचवत नाहीये, अशा वेळी तो हाताने चिकटवू नका. आधी पत्ता तपासा.

पासवर्ड बदलल्यावर खातं लॉक होणं ही हेल्पडेस्कची रोजची तक्रार आहे. कारण साधं असतं. खिशातल्या फोनमध्ये, बॅगेतल्या टॅबलेटमध्ये आणि मेलच्या ॲपमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो. ती उपकरणं दर काही सेकंदांनी तोच चुकीचा पासवर्ड पाठवत राहतात, आणि ठरावीक चुकांनंतर यंत्रणा खातं बंद करते. तुम्ही लॉक उघडून घेता, पाच मिनिटांत ते पुन्हा बसतं. म्हणून आधी बाकीची सगळी उपकरणं विमान मोडवर टाका, मग एका लॅपटॉपवरून पासवर्ड बदला, आणि नंतर एकेक उपकरण हातात घेऊन त्यातलं वाय-फाय आणि मेल दोन्ही नव्या पासवर्डने जोडा. कपाटात चार्जिंगला लावलेला जुना फोन विसरू नका. बहुतेक वेळा दोषी तोच असतो.

दुसरी पायरी: फोन बदलण्याआधीचा विचार

पासवर्डनंतरची दुसरी ओळख चार प्रकारांनी देता येते. त्यांची ताकद सारखी नाही.

एसएमएसचा कोड सगळ्यांत कमजोर. सिम दुसऱ्याच्या नावावर काढून घेता येतं, परदेशी गेल्यावर जुना नंबर बंद होतो, आणि तळघरातल्या लॅबमध्ये रेंज नसते. ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड त्याहून बरा. तो फोनमधल्या गुप्त किल्लीवरून आणि घड्याळावरून काढला जातो, दर ३० सेकंदांनी बदलतो, आणि त्याला नेटवर्क लागत नाही. मात्र फोनचं घड्याळ एखाद-दोन मिनिटं जरी पुढे-मागे असलं तरी प्रत्येक कोड चुकीचा ठरतो. कोड सतत नाकारला जात असेल तर आधी तारीख-वेळ ‘आपोआप’ वर आहे का ते पाहा.

तिसरा प्रकार म्हणजे फोनवर येणारी ‘मंजूर करा’ अशी सूचना. पासवर्ड हाती लागलेला चोर रात्री दोन वाजता अशा वीस सूचना पाठवतो, आणि झोपेत कुणीतरी एकदा होकार देतं. यामुळेच मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या ऑथेंटिकेटरमध्ये पडद्यावरचा आकडा फोनमध्ये भरणं सक्तीचं केलं. तुम्ही लॉगिन करत नसताना सूचना आली, तर तिचा अर्थ एकच घ्या: पासवर्ड कुणाला तरी ठाऊक झाला आहे. नकार द्या आणि लगेच पासवर्ड बदला. नुसता नकार देऊन झोपलात तर पुढची सूचना येतच राहील.

चौथा प्रकार पासकीचा (फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली), किंवा यूएसबीत लावायच्या सिक्युरिटी कीचा. विद्यापीठाने ही सोय दिली असेल तर तीच घ्या. वरचे तिन्ही प्रकार फसव्या पानाला हरवू शकत नाहीत, कारण ते पान तुमचा पासवर्ड आणि कोड दोन्ही घेऊन त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतं. पासकी मात्र साइटच्या खऱ्या पत्त्याला बांधलेली असते. पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी ती उघडत नाही. सिक्युरिटी की घेणार असाल तर दोन घ्या, दोन्ही नोंदवा आणि एक खोलीत ठेवा.

नोंदणी करताना मिळणारे बॅकअप कोड कागदावर छापून पासपोर्ट, मार्कशीट ठेवता त्या फायलीत ठेवा. ते विद्यापीठाच्याच मेलमध्ये साठवून उपयोग नाही. मेल उघडायलाच ते लागणार आहेत.

नवीन फोन घेतलात की हा क्रम ठेवा. जुना फोन चालू असतानाच खात्याच्या सुरक्षा पानावर नवा फोन जोडा. नव्या फोनने एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करून खात्री करा. मगच जुन्या फोनची नोंद काढा, आणि सगळ्यांत शेवटी तो फॅक्टरी रीसेट करा. फोटो आणि ॲप्स नव्या फोनवर आले म्हणजे ऑथेंटिकेटरच्या किल्ल्याही आल्या असं समजू नका. पुष्कळदा ॲप येतं आणि आत यादी रिकामी असते.

वाय-फाय: सर्टिफिकेट तपासणारी जोडणी

कॅम्पसवर साधारण तीन नेटवर्कं दिसतात: युजरनेम-पासवर्ड मागणारं मुख्य नेटवर्क, पाहुण्यांसाठी उघडं नेटवर्क, आणि टीव्ही-प्रिंटरसारख्या उपकरणांसाठी वेगळं. मुख्य नेटवर्कचं नाव बहुतेक ठिकाणी एज्युरोम असतं. नेदरलँड्समधल्या सर्फनेटच्या क्लास विरेंगा यांनी २००२ साली ही कल्पना मांडली. आज शंभरहून अधिक देशांत ती चालते, आणि एका विद्यापीठाचं खातं दुसऱ्या विद्यापीठाच्या आवारात तसंच्या तसं वापरता येतं.

आत काय घडतं ते समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या सेटिंगांचं कारण कळतं. तुम्ही दुसऱ्या विद्यापीठात गेलात की तिथलं नेटवर्क तुमच्या युजरनेममधला ‘@’ नंतरचा भाग वाचतं आणि विनंती तुमच्या मूळ विद्यापीठाच्या सर्व्हरकडे पाठवतं. पासवर्ड एका बंद बोगद्यातून थेट मूळ सर्व्हरपर्यंत जातो. यजमान विद्यापीठाला तो दिसत नाही. पण बोगद्याच्या पलीकडे आपलाच सर्व्हर आहे ना, याची खात्री तुमच्या फोनने करायची असते, सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र, तपासून. ती तपासणी बंद ठेवली, तर कुणीही कॅन्टीनमध्ये त्याच नावाचं नेटवर्क उभं करून तुमच्या फोनला जोडून घेऊ शकतं. तुमचा फोन खिशातून स्वतःहून त्याला ओळख देऊ करतो. त्या देवाणघेवाणीत बहुधा एमएस-चॅप आवृत्ती २ ही पद्धत असते, आणि ती २०१२ सालीच मोडून दाखवली गेली आहे. पकडलेल्या संवादातून पासवर्डाची किल्ली काढायला योग्य यंत्रावर एक दिवस पुरतो.

म्हणून नेटवर्कच्या नावावर बोट ठेवून थेट युजरनेम-पासवर्ड भरू नका. ‘गेटएज्युरोम’ हे ॲप किंवा एज्युरोमचं ‘कॅट’ नावाचं इन्स्टॉलर वापरा. त्यात आपल्या विद्यापीठाचं नाव निवडलं की सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव आपोआप बसतं. हे उतरवायला इंटरनेट लागतं, तेव्हा घरी असतानाच किंवा मोबाइल डेटावर करून ठेवा.

हाताने भरायची वेळ आलीच, तर अँड्रॉइडवर या गोष्टी बघा:

– सुरक्षा: डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ एंटरप्राइझ. ईएपी पद्धत (ओळख पटवण्याची रीत) आणि दुसरा टप्पा विद्यापीठाच्या पानावर लिहिलेला असेल तोच. बहुधा पीईएपी आणि एमएस-चॅप आवृत्ती २.
– सीए सर्टिफिकेट: विद्यापीठाने दिलेली फाइल, किंवा त्यांनी तसं सांगितलं असेल तर ‘सिस्टिम सर्टिफिकेट’. ‘तपासू नका’ हा पर्याय कधीही घेऊ नका. अँड्रॉइड ११ पासून तो हळूहळू काढून टाकला गेला. जुन्या फोनवर अजून दिसतो.
– डोमेन: सर्व्हरचं नाव, विद्यापीठाच्या पानावरून जसंच्या तसं. हे रिकामं ठेवलं तर सिस्टिम सर्टिफिकेटचा काहीच उपयोग नाही. कुठल्याही साइटचं खरं सर्टिफिकेट चालून जाईल.
– ओळख: पूर्ण युजरनेम, ‘@’ आणि पुढच्या भागासकट.
– निनावी ओळख: ‘अनॉनिमस’ आणि पुढे तेच डोमेन. यामुळे वाटेतल्या सर्व्हरांना तुमचं नाव कळत नाही.

‘@’ चा मुद्दा विशेष सांगायचा, कारण तो उशिरा उघड होतो. पुष्कळ विद्यापीठांच्या आवारात नुसतं युजरनेम टाकलं तरी जोडणी होते. मग परिषदेला किंवा दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर ती होत नाही, कारण विनंती कुठे पाठवायची हे यजमानाला कळतच नाही. प्रवासाआधी आपल्याच कॅम्पसवर पूर्ण ओळखीने जोडून पाहा.

आता बिघाडांकडे. जोडणी दिसते पण काहीच उघडत नाही, तेव्हा आधी आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने उपकरणाला दिलेला क्रमांक, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर नेटवर्कने पत्ता दिलेलाच नाही. वाय-फाय बंद-चालू करा, तरी तसंच असेल तर तो दोष कॅम्पसच्या बाजूचा. पाहुण्यांच्या नेटवर्कवर लॉगिनचं पान येत नसेल तर व्हीपीएन (तुमची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) बंद करा आणि अँड्रॉइडमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ ‘आपोआप’ वर आणा. तरीही येत नसेल तर नेव्हरएसएसएल.कॉम हे साधं, कूटबद्ध नसलेलं पान उघडा. आजकाल जवळपास सगळ्या साइट्स एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, असतात, त्यामुळे नेटवर्कला तुम्हाला लॉगिनच्या पानाकडे वळवायला फटच मिळत नाही. ती फट हे पान देतं. आणि सर्टिफिकेटची चूक अचानक सगळीकडे दिसू लागली तर लॅपटॉपची तारीख बघा. बॅटरी पूर्ण संपून घड्याळ मागे गेलं की प्रत्येक सर्टिफिकेट त्याला अवैध वाटतं.

प्रिंटर, स्पीकर, गेम कन्सोल यांना युजरनेम-पासवर्डचं नेटवर्क कळत नाही. त्यांचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा नेटवर्क क्रमांक, विद्यापीठाच्या उपकरण-नोंदणी पानावर भरावा लागतो. तो उपकरणाच्या मागच्या चिकटपट्टीवर किंवा नेटवर्क सेटिंगमध्ये असतो. फोन किंवा टॅबलेट असा नोंदवत असाल तर एक अडचण येते: अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक पत्ता दाखवतात. नोंदवलेला पत्ता एक आणि नेटवर्कला दिसणारा दुसरा, म्हणून जोडणी नाकारली जाते. त्या एका नेटवर्कपुरता ‘खाजगी पत्ता’ बंद करा. बाकी सगळीकडे तो चालूच राहू द्या.

स्वतःचा राउटर हॉस्टेलमध्ये आणू नका. नियम जाचक वाटतो, पण त्यामागे कारण आहे. राउटरची केबल चुकून वॅनच्या (बाहेरच्या नेटवर्कसाठीच्या) खाचेऐवजी लॅनच्या (आतल्या उपकरणांसाठीच्या) खाचेत लावली की तो भिंतीपलीकडच्या खोल्यांनाही आयपी पत्ते वाटू लागतो. शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि त्यांचं इंटरनेट गायब होतं. शिवाय २.४ गीगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत: १, ६ आणि ११. एका मजल्यावर वीस राउटर लागले की सगळ्यांचंच वाय-फाय रडतं. त्यापेक्षा खोलीत भिंतीवर नेटवर्कची खाच असेल तर केबल लावा. ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखत असेल त्या दिवशी तर केबलच लावा.

बाहेरून ग्रंथालय आणि व्हीपीएन

नियतकालिकांच्या साइट्स तुम्हाला ओळखत नाहीत, त्या विद्यापीठाचे आयपी पत्ते ओळखतात. घरून लेख उघडताना पैसे मागितले जातात ते म्हणूनच. तीन वाटा आहेत: ग्रंथालयाच्या पानावरून प्रॉक्सी लिंकने (विद्यापीठाच्या पत्त्यावरून पुढे नेणाऱ्या) जाणं, प्रकाशकाच्या साइटवर ‘संस्थेमार्फत लॉगिन’ निवडणं, किंवा व्हीपीएन. पहिल्या दोन वाटांनी काम होत असेल तर व्हीपीएनची गरज नाही.

व्हीपीएन लावूनही लेख उघडत नसेल तर तो बहुधा विभाजित बोगदा आहे. म्हणजे विद्यापीठाच्या सर्व्हरांकडे जाणारी वाहतूकच बोगद्यातून जाते, प्रकाशकाकडे जाणारी तुमच्या घरच्या जोडणीवरून. क्लायंटमध्ये ‘पूर्ण बोगदा’ असा दुसरा गट असतो. तो निवडा, आणि आधीपासून उघडा असलेला ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करा. काम झालं की व्हीपीएन तोडा, कारण पूर्ण बोगद्यात तुमचे व्हिडिओसुद्धा विद्यापीठातून फिरून येतात.

एकामागून एक शेकडो पीडीएफ उतरवणारी स्क्रिप्ट चालवू नका. प्रकाशकाची यंत्रणा ते ओळखते आणि तो आयपी पत्ता बंद करते. प्रॉक्सीचा पत्ता सगळ्यांचा एकच असल्याने अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश बंद होतो. मजकूर-विश्लेषणासाठी मोठा साठा खरंच हवा असेल तर ग्रंथपालांशी बोला. अनेक प्रकाशक त्यासाठी वेगळा मार्ग देतात.

मेल: विद्यापीठाला आत शिरायची वाट

विद्यापीठावरचे हल्ले बहुधा एका साध्या मेलने सुरू होतात. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने माब्ना नावाच्या संस्थेशी संबंधित नऊ इराणी नागरिकांवर आरोपपत्र ठेवलं. त्यानुसार अमेरिकेतल्या १४४ आणि इतर २१ देशांतल्या १७६ विद्यापीठांतल्या सुमारे एक लाख प्राध्यापकांची खाती लक्ष्य केली गेली. सुमारे ८,००० खाती हाती लागली, आणि ३१ टेराबाइटहून जास्त शैक्षणिक माहिती बाहेर गेली. पद्धत अशी: दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावाने मेल यायचा, तुमचा लेख वाचला, रस वाटला, सोबतचे हे दुवे बघा. दुवा उघडला की स्वतःच्याच विद्यापीठाच्या लॉगिनसारखं दिसणारं पान यायचं. वाचणाऱ्याला वाटायचं, आपण चुकून लॉगआउट झालो.

दुसरं उदाहरण नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठाचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे एक फसवी लिंक उघडली गेली. चोर दोन महिने आत फिरत राहिले आणि २३ डिसेंबरला त्यांनी २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. काही बॅकअपही त्याच नेटवर्कला जोडलेले असल्याने तेही गेले. विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो, खंडणी दिली.

तपासायची सवय अशी लावा. लिंकवर माउस नेऊन, फोनवर बोट दाबून धरून, पूर्ण पत्ता बघा. ‘//’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेषेपर्यंतचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. ‘लायब्ररी.विद्यापीठ.एज्यु.लॉगिन-पोर्टल.कॉम’ हा पत्ता विद्यापीठाचा नाही, तो ‘लॉगिन-पोर्टल.कॉम’ चा आहे. डावीकडे मालकाला हवं ते लिहिता येतं. सूचनाफलकावरच्या क्यूआर कोडलाही हाच नियम: स्कॅन केल्यावर दिसणारा पत्ता वाचा, मग उघडा.

विद्यार्थ्यांसाठी ठरलेले सापळे थोडे वेगळे असतात. घरबसल्या नोकरीच्या मेलमध्ये चेक किंवा पैसे आधी पाठवतात, काही रक्कम पुढे कुणाला तरी द्यायला सांगतात, आणि आठवड्याभराने मूळ चेक वटत नाही. पुढे पाठवलेले पैसे तुमचे गेलेले असतात. मार्गदर्शकांच्या नावाने ‘जरा मोकळे आहात का?’ असा एका ओळीचा मेल येतो आणि दोन उत्तरांनंतर गिफ्ट कार्ड मागितलं जातं. अशा वेळी मेलला उत्तर देऊ नका. त्यांना फोन करा किंवा समोर जाऊन विचारा. आपल्याच वर्गमित्राच्या खऱ्या खात्यावरून आलेली ‘शेअर केलेली फाइल’ सगळ्यांत जास्त फसवते, कारण पाठवणारा खरा असतो. फक्त त्याचं खातं त्याच्या ताब्यात नसतं.

फसवा मेल कळवताना साधा फॉरवर्ड करू नका. मेल प्रोग्राममधलं ‘रिपोर्ट’ बटण वापरा किंवा ‘अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड’ करा. तरच मेल कुठून आला हे सांगणारे मथळे सोबत जातात.

पासवर्ड टाकून बसलात, तर लाजून गप्प राहू नका. पहिल्या तासाला फार किंमत असते. क्रमाने हे करा:

१. ज्या यंत्रावर हे घडलं त्याऐवजी दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला.
२. ‘सगळीकडून साइन आउट’ करा. नुसता पासवर्ड बदलल्याने आधीच आत असलेला माणूस लगेच बाहेर जाईलच असं नाही.
३. दुसऱ्या पायरीसाठी नोंदवलेल्या उपकरणांची यादी बघा. अनोळखी फोन असेल तर काढा.
४. मेलचे नियम आणि फॉरवर्डिंग तपासा. चोर बहुतेक वेळा असा नियम घालून ठेवतात की येणारी उत्तरं थेट कचऱ्यात किंवा कधी न उघडल्या जाणाऱ्या फोल्डरात जावीत.
५. खात्याला जोडलेली ॲप्स बघा. तुम्ही एखाद्या ॲपला ‘मेल वाचू दे’ अशी परवानगी दिली असेल तर ती पासवर्ड बदलल्यावरही टिकून राहू शकते.
६. पोर्टलवर शुल्क-परताव्यासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी भरलेला बँक खाते क्रमांक तोच आहे का ते पाहा.
७. विद्यापीठाच्या आयटी विभागाला वेळ, लिंक आणि काय भरलं ते कळवा.

फाइली: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हवर प्रबंध ठेवला म्हणजे तो सुरक्षित झाला असं वाटतं. पण सिंक, म्हणजे सगळीकडच्या प्रती आपोआप सारख्या ठेवणारी सोय, चूकही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचवतं. लॅपटॉपवर फोल्डर पुसलं की क्लाउडमधूनही पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, विद्यापीठाच्या वनड्राइव्हमध्ये साधारणपणे ९३ दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शोधायला गेलात तर उशीर झालेला असू शकतो.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम पुरेसा आहे. लॅपटॉपवर एक, क्लाउडवर एक, आणि एक बाहेरच्या डिस्कवर, जी बॅकअप झाल्यावर काढून ठेवायची. काढून ठेवणं महत्त्वाचं. मास्ट्रिख्तला बॅकअप जोडलेलेच होते म्हणून गेले. आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल त्या डिस्कवरून प्रत्यक्ष उघडून बघा. संशोधनाचा मोठा डेटा विद्यापीठाच्या संगणककेंद्रात असेल तरी स्वतःची प्रत ठेवा: डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्याच स्क्रिप्टमधल्या चुकीने सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला, आणि त्यातला काही परत मिळालाच नाही.

लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध ठेवा, अपडेट लांबवू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अशी यंत्रं काही कॅम्पस नेटवर्कवर घेतली जात नाहीत. फोनवर *#०६# डायल करून दिसणारा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवा. चोरीच्या तक्रारीत तोच मागतात. लॅबच्या संगणकावरून उठताना ब्राउझर बंद करून थांबू नका, पूर्ण लॉगआउट करा. आणि आणीबाणीच्या सूचनांसाठी पोर्टलवर चालू मोबाइल नंबर भरा. जुना नंबर तसाच राहिला तर कॅम्पस बंद झाल्याचा एसएमएस तुमच्यापर्यंत येणार नाही.

मदत मागताना काय लिहायचं

‘वाय-फाय चालत नाही’ एवढ्यावर कुणालाही काही शोधता येत नाही. इमारत आणि खोली, नेमकी वेळ, नेटवर्कचं नाव, उपकरण आणि त्याची आवृत्ती, मॅक पत्ता, आयपी पत्ता, पडद्यावर आलेला एररचा संदेश शब्दशः, आणि त्याच जागी शेजाऱ्याचं चालतंय का, इतकं लिहा. वेळ आणि मॅक पत्ता असला की नोंदीत तुमची ओळ काही मिनिटांत सापडते. पासवर्ड मात्र कधीही लिहू नका. खरा हेल्पडेस्क तो मागत नाही, आणि ऑथेंटिकेटरचा कोडही मागत नाही.

विद्यापीठ सोडताना

पदवीनंतर खातं किती दिवस चालू राहील हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. तारीख आयटी विभागाकडून लेखी विचारून घ्या आणि तिच्या दोन महिने आधी कामाला लागा. आयुष्यभर मेल मिळेल असं कधीकाळी सांगितलं असेल तरी त्यावर विसंबू नका. गूगलने २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांची अमर्याद साठवण बंद करायचं ठरवून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा जाहीर केली, आणि त्यानंतर अनेक विद्यापीठांनी माजी विद्यार्थ्यांची जागा कमी केली किंवा खातीच बंद केली.

बँक, नोकरीचे अर्ज, ओआरसीआयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) नोंद, कोडच्या साइट्स, जिथे जिथे विद्यापीठाचा मेल दिलाय तिथे स्वतःचा मेल घाला, आणि दोन्हीकडून एकदा लॉगिन करून बघा. मेल आणि फाइली गूगल टेकआउटने किंवा आउटलुकच्या निर्यातीने उतरवा. मोठं खातं असेल तर हे काम तासांचं नसून दिवसांचं असतं. इतरांनी तुमच्याशी शेअर केलेल्या फाइली टेकआउटमध्ये येतीलच असं धरू नका. हव्या असतील तर आधी आपल्या ड्राइव्हमध्ये त्यांची प्रत करा.

विंडोज लॅपटॉप असेल तर एक काम सगळ्यांत आधी करा. विद्यापीठाच्या खात्याने लॅपटॉपवर साइन इन केलं असेल, तर डिस्क कूटबद्ध करताना बिटलॉकरची (विंडोजमधली डिस्क कूटबद्ध करणारी सोय) ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात साठवली गेलेली असू शकते. खातं बंद झाल्यावर एखाद्या बायोस अपडेटनंतर लॅपटॉप ती की मागतो, आणि ती ठेवलेली जागाच उरलेली नसते; डिस्कवरचं काहीही मग परत मिळत नाही. बिटलॉकर व्यवस्थापनात जाऊन ‘रिकव्हरी की जतन करा’ निवडा, ती छापा, बॅकअप कोडच्या फायलीत ठेवा. त्यानंतर सेटिंगमधल्या ‘कामाचं किंवा शाळेचं खातं’ या पानावरून विद्यापीठाचं खातं काढा. खातं काढण्याआधी स्वतःचं ॲडमिन खातं लॅपटॉपवर तयार असून त्याने लॉगिन होतंय ना, तेवढं तपासून घ्या.